पोच, शिक्क्यासकट

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

मुलगा!! सकाळी सव्वाअकराला सौमित्रचा मस्कतहून फोन. ओरडतच होता — "ताई, आत्या झालीस!" मी ओवाळणीचं ताट घेऊन त्याच्या फोटोसमोर बसणार, तेवढ्यात हे. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाबांनी एकोणऐंशीव्या वर्षी हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या, काठी न घेता! मी रडले. पण आधी तारीख-वेळ कॅलेंडरवर लिहिली, मग रडले. सवय.

नाव मी ठेवायचं. आमच्या घरात नाव आत्याच ठरवते, आणि बारशाला बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणालाही कळू देत नाही — बाळाच्या आईलासुद्धा नाही. माझं नाव सरोजआत्याने असंच ठेवलेलं. आई तीन दिवस तिच्या मागे लागलेली म्हणे, बाई बधली नाही.

सत्तेचाळीस वर्षं झाली. लग्न नाही, मूल नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं फारसं काही वाटतही नाही. पण आई गेली तेव्हा सौमित्र नऊ वर्षांचा होता. त्याचे केस विंचरले, त्याच्या वह्यांना कव्हरं घातली, सगळं मी केलं. त्याच्या पोराच्या कानात पहिलं नाव माझ्या तोंडून जायला हवं. एवढं एक हवं मला. बाकी कुणी काय घ्यायचं ते घ्या.

२५ ऑक्टोबर

नाव ठरलं! पाकिटात घातलं, डिंकाने बंद केलं, चिकटवलेल्या जागेवर सही आणि तारीख. इथेही लिहीत नाही.

बाबांनी दोनदा पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं. आत पुठ्ठा घातलाय म्हटलं. बसा.

२७ ऑक्टोबर

मालनताईंचा फोन. ऐश्वर्याच्या — म्हणजे सौमित्रच्या बायकोच्या — आई. कल्याणच्या. बाळंतपणासाठी महिनाभर आधीच मस्कतला जाऊन बसल्यात. "वैशालीताई, आम्हाला बाई ऋतुराज आवडलंय. अगदी राजासारखा झोपतो हो."

म्हटलं, झोपू दे. नाव आत्या ठेवेल.

"हो हो, तुमचाच मान! पण नाहीच जमलं तुम्हाला यायला, तर आमचं ऋतुराज आहेच."

नाही जमलं म्हणजे?? का नाही जमणार?

बारसं शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला, तिथल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाच. बारावा दिवस सोमवारी येतोय, पण तिकडे सुटी शुक्रवारची. पाहुणे त्याच दिवशी येणार.

३० ऑक्टोबर

रजेचा अर्ज दिला. म्हणजे मीच मला दिला. कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं आवक-जावकच्या टेबलाला आहे — आलेला कागद घ्यायचा, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा, आणणाऱ्याला पोच द्यायची. शिक्का नाही तर कागद आलाच नाही, हा आपला कायदा. तेव्हा स्वतःच्या अर्जावर शिक्का मारला आणि स्वतःलाच पोच दिली. शेजारच्या टेबलावरचा प्रभाकर — डोंबिवलीचा, तोंडाळ — म्हणतो, "मॅडम, जेवल्यावर पोटाकडून पोच घेता का हो?" दुर्लक्ष केलं.

पुढच्या गुरुवारी तपासणी समिती येतेय, म्हणून रजा शुक्रवारपासूनच मिळाली. तिकीट शुक्रवारी सकाळी साडेनऊचं. तिथे त्यांच्या अकरा वाजता. बारशाला साडेसहा तास हातात. भरपूर.

२ नोव्हेंबर

प्रभाकरच्या मेव्हण्याला म्हणे परवा विमानतळावर सात तास बसवून ठेवलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. का? तर त्याने मागितलं नाही! मी विमान प्रवाशांच्या हक्कांचा कागद छापून आणला. लाल पेनाने रेघा मारल्या. आपल्यासारख्या तीन तासांच्या प्रवासाला तीन तास उशीर झाला, तर खाणं-पिणं त्यांनी द्यायचं. स्पष्ट लिहिलंय.

बाबा म्हणाले, "तू बारशाला चाललीयेस की खटल्याला?"

६ नोव्हेंबर

तपासणी पार पडली. बॅग भरली. डिंकाचे लाडू वेगळ्या पिशवीत, वर सौमित्रचं नाव आणि नंबर चिकटवला. कुंची शिवली, लाल काठाची. बारशाची साडी. पाकीट. हक्कांचा कागद, तीन प्रती. शिक्क्याचं शाईचं पॅड पर्समध्ये असतंच.

नाव सांगताना सगळ्या बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. मालनताईंचा हात जड आहे, लग्नात पाहिलंय. घाला म्हणावं. पाठ तयार आहे!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ९.०५, विमानतळ. गेटसमोर बसलेय. सगळं वेळेवर. बाळकुमच्या घरून पहाटे निघाले, रस्ता रिकामा, सगळे हिरवे सिग्नल. कधी नव्हे ते!

९.४० — पाटीवर आता १०.४५. कारण विचारलं. काउंटरवरची मुलगी — सान्वी, छातीवर पाटी आहे — म्हणे, "ऑपरेशनल रीझन, मॅडम." हे काय कारण झालं? आमच्याकडे रजेच्या अर्जावर कुणी 'ऑपरेशनल' लिहिलं तर प्राचार्य अर्ज तोंडावर फेकतील.

११.१० — आता १२.३०. शेजारी खडवलीचा काळुराम बसलाय. मस्कतला क्रेन चालवतो, सुटी संपवून परत चाललाय. त्याला बारशाचं सांगितलं. म्हणे, "ताई, नाव काय ठेवणार?" त्यालाही नाही सांगितलं.

१२.४० — तीन तास उलटले! कागद काढला. काउंटरवर गेले. लाल रेघ दाखवली. सान्वी म्हणे विचारून सांगते. म्हटलं, विचार, मी इथेच उभी आहे. मागे बघते तर सत्तर-ऐंशी माणसं माझ्या पाठीशी उभी! काळुराम सगळ्यात पुढे. वीस मिनिटांत उपमा, केळं आणि चहा — झाडून सगळ्यांना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने मला विचारलं, तुम्ही वकील का? म्हटलं, आवक-जावक.

१.०५ — विमान १.५०ला सुटणार, नक्की म्हणतात. म्हणजे तिथे साडेतीनपर्यंत. बारसं साडेपाचला. जमतंय!! आता फक्त उशिराबद्दलचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. सान्वी म्हणे, "मॅडम, स्टॅम्प तर नाही आमच्याकडे." एवढं मोठं विमान आहे आणि शिक्का नाही? शेवटी कळलं, शिक्का मॅनेजरच्या केबिनमध्ये असतो, पलीकडच्या टोकाला. लाडवांची पिशवी काळुरामकडे ठेवून जाऊन येते. दोन मिनिटांचं काम.

घरी, ८.००

विमान गेलं. मला न घेता! मी त्यांच्याच केबिनमध्ये, त्यांच्याच मॅनेजरसमोर उभी असताना! ह्याला काय म्हणायचं?

मग बॅग उतरवून आणणं. मग पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का पडलेला, तो रद्द करायची वेगळी रांग. शिक्क्यावर शिक्का. पुढची जागा थेट रविवारी, आणि सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. टॅक्सी कापूरबावडीच्या सिग्नलला आली तेव्हा सात वाजलेले. म्हणजे तिथे साडेपाच. फोन वाजला — सौमित्र. घेतला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा नाही घेतला. काय बोलू? सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

पोच मात्र मिळाली. शिक्का ठसठशीत उठलाय.

८ नोव्हेंबर

सौमित्रचा मेसेज : "लाडू मिळाले. काळुरामदादांनी एअरपोर्टवर आणून दिले. ताई, तू ठीक आहेस ना?"

लाडू पोचले. आत्या नाही.

घरच्या ग्रुपवर फोटो. पाळण्याला झेंडूच्या माळा. मालनताई पाळण्यावर वाकलेल्या. तोंड बाळाच्या कानाशी. पुढचे फोटो बघितलेच नाहीत. ग्रुप सोडला.

ऋतुराज. झालं.

१० नोव्हेंबर

विमान कंपनीला तक्रार पाठवली. सोबत चौदा कागद. पैसे नकोत म्हणून ठळक लिहिलं. मागणी एकच : 'आपल्या गलथानपणामुळे तक्रारदार आत्या या नात्याने बाळाचे नाव ठेवू शकल्या नाहीत, याबद्दल लेखी दिलगिरी.' पुराव्यादाखल त्यांनीच दिलेली पोच जोडली. आता बोला!

सौमित्रला एक ओळ कळवली — उत्तर येईपर्यंत फोन करू नये.

१४ नोव्हेंबर

तो बाबांना फोन करतो. बाबा स्पीकरवर टाकतात, मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. आज बाबा दाराबाहेरूनच म्हणाले, "वैशू, अगं, बाळाच्या नावाचं ऐकलंस का —"

"बाबा, नको! मला ऐकायचं नाहीये!"

"अगं पण —"

नळ मोठा केला.

पाठ दुखतेय. कुणी हात लावला नाही तरी.

१९ नोव्हेंबर

उत्तर आलं. दोन पानं. गोड भाषा. मुद्दा एवढाच : तक्रारदाराच्या नावाने दुपारी १.१५ ते १.३५ या वेळात चार वेळा घोषणा झाली. गेट १.३५ला बंद झालं. तक्रारदार त्या वेळी अर्जाची पोच घेत होत्या. पुरावा म्हणून सोबत — माझीच पोच! माझ्याच चौदा कागदांतली! शिक्का, तारीख, वेळ : १.३६.

ऑफिसात प्रभाकरला दाखवलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. चहा आणून ठेवला टेबलावर आणि गेला. तेच जास्त लागलं.

आता खरं लिहिते. इथे तरी लिहायला हवं. कंपनीला काय, सगळ्या दुनियेला खोटं सांगेन, पण ह्या वहीला बारा दिवस खोटं सांगत आले, म्हणजे कमाल झाली.

घोषणा मी ऐकली होती. चारही वेळा. आडनावासकट.

काळुराम धावत आला होता केबिनच्या दारात. लाडवांची पिशवी पोटाशी धरलेली, धापा टाकत. "ताई, चला ओ! गेट लावतायत!" मी काय म्हटलं? "दोन मिनिटं. सही झालीये, शिक्का राहिलाय." तो म्हणाला, "शिक्का ऱ्हाऊ द्या ना, ताई! पोराचं बारसं हाय!" मी त्याला हाताने थांब म्हणून खूण केली. ऑफिसच्या खिडकीपुढे घोळका करणाऱ्या पोरांना करते, तश्शी.

मॅनेजर बिचारा म्हणत होता, मॅडम, तुम्ही जा, मी मेल करतो. मी म्हटलं, मेल नको. त्यांचं पॅड सुकलेलं. शिक्का उठेना. तेव्हा मी पर्समधून माझं पॅड काढून दिलं! माझ्या पॅडवर, माझ्या शाईने. म्हणून तर ठसठशीत उठला.

बावीस वर्षं लोकांना पोचा दिल्या. एक स्वतःसाठी मागितली, आणि हे असं. उशीर त्यांनी केला, खरंय. पण विमान मी चुकवलं. रागावले मात्र सौमित्रवर — तो फोनवर नुसतं "ताई" म्हणाला असता, तर मी फुटले असते म्हणून. मूर्ख बाई आहे मी. पक्की मूर्ख.

२० नोव्हेंबर

पोच फाडायला घेतली. फाडवेना. फाइलला लावली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

साडेअकराला कुरिअर. नेहमीच्या गठ्ठ्यातच. प्रभाकरने सरकवलं — "मॅडम, आवक." मी न बघता फोडलं, नंबर टाकला, शिक्का मारला. मग वाचलं.

प्रति, मा. आत्याबाई, आवक-जावक विभाग. विषय : नाव मिळणेबाबत. 'महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराचे वय सव्वीस दिवस असून अद्याप त्यास नाव नाही. दि. ७ रोजी आजीने नाव ठेवण्यास साफ नकार दिला. आपण फोन घेत नाही, मेसेज वाचत नाही, आजोबांचे ऐकत नाही. कागदच वाचता, म्हणून हा कागद. तरी समक्ष येऊन कानात नाव सांगावे, ही नम्र विनंती. सोबत : लाडू मिळाल्याची पोच.'

अक्षर सौमित्रचं. सहीच्या जागी निळ्या शाईत एवढासा पायाचा ठसा. पाच बोटं मोजली मी. दोनदा.

कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला. "ताई" म्हणाला. मी फुटलेच. विद्यार्थी बघत होते, बघू देत.

मग मालनताईंनी फोन ओढून घेतला. म्हटलं, अहो, फोटोत तुम्ही कानाशी होतात! "अहो, मी त्याला म्हटलं, थांब रे राजा, आत्या येतेय तुझी. खोटं कशाला बोलू, ऋतुराज अगदी जिभेवर आलं होतं. सगळ्या बायका म्हणत होत्या, मालनताई, म्हणून टाका. गिळलं मी. आत्या नाही तर नाव कसलं?" मग आवाज चढवून — "आणि तुम्ही फोन घेत नाही म्हणजे काय? बाळ बाळ म्हणून तोंड दुखलं आमचं! पाहुणे नाव विचारतात तर काय सांगायचं?"

पंधरा दिवस मी ह्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले. इथे लिहिलं नाही एवढंच नशीब.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "नळ बंद केला असतास तर त्याच दिवशी कळलं असतं."

रजेचा अर्ज ऑफिसातून निघतानाच लिहिला होता. प्रभाकर म्हणे, "द्या इकडे, आज पोच मी देतो." उलटा मारला शिक्का त्याने. चालेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. मस्कत

विमान दोन तास उशिरा. कागद काढला नाही. गेटसमोरच्या खुर्चीतून उठले नाही, बाथरूमलासुद्धा नाही.

कुंची घातली. मांडीवर घेतला. कानाशी वाकले, मागे मालनताई मूठ उगारून तयार. त्याच्या कानात सांगितलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने — ऋतुराज.

मालनताईंची मूठ हवेतच राहिली. मग असा बुक्का घातला, की बास! आणि माझ्या पाठीवर डोकं ठेवून रडायला लागल्या.

माझं पाकीट पर्समध्ये आहे. बंदच. इथेही लिहीत नाही.

ऋतुराजने लगेच मांडीवर पोच दिली. नव्या साडीवर. शिक्क्यासकट.